बुडालेल्या गावचे पाटील

आबा गेल्याची बातमी मला शाळेच्या फाटकापाशी मिळाली, आणि बातमीबरोबर एक कामही मिळाले. मळवलीकडून आलेला रेल्वेचा गँगमन खांद्यावरची कुदळ खाली न ठेवताच म्हणाला, "मास्तर, पाटील गेलं सकाळच्याला. आनि तुमाला आदी कंपनीच्या बंगल्यावर जायला सांगितलंय. परवानगी काढायला." मी म्हणालो, "कसली परवानगी?" तो म्हणाला, "जाळायची."  आपला माणूस गेला म्हटल्यावर दोन मिनिटे बसून रडायलाही आबांनी सवड दिली नाही. जन्मभर मला अर्ज लिहायला लावले, आणि जाताना शेवटचा एक माझ्या गळ्यात बांधून गेले.

गोष्ट अशी की आबांना, म्हणजे रावजी पाटलांना, उंबरशेतात जळायचे होते, आणि उंबरशेत पाण्याखाली आहे. मी पाळण्यात होतो तेव्हा वीज तयार करणाऱ्या एका कंपनीने लोणावळ्याच्या वरच्या अंगाला धरण बांधले आणि आमचे गाव, त्याची भातखाचरे, देऊळ, चावडी, स्मशान, सगळे तळ्यात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की कडेच्या काही खाचरांचे बांध उघडे पडतात. एरवी तिथे गाव होते हे सांगूनही खरे वाटत नाही. काही माणसे मुंबईला गेली. उरलेली घरे मळवलीच्या अलीकडे एका मुरमाड माळावर येऊन बसली. हा माळ म्हणजे खालच्या गावचे गायरान, गुरे चारायची सरकारी जागा. आमचे घर मात्र त्या माळावर नव्हते. माझे वडील उंबरशेतचे मुलाणी. जत्रेत बकरा कापायचा मान त्यांचा, आणि त्याबद्दल सुगीला घरटी भाताचा वाटा हे त्यांचे बलुते. गाव बुडाल्यावर त्यांनी कामशेतच्या पेठेत एक लहान दुकान घातले. गावाबरोबर गावची सगळी कामे, मान आणि पदेही बुडाली, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो… एक माणूस सोडून. रावजी पाटील त्या पाण्याखालच्या गावचे पाटील राहिले ते शेवटच्या श्वासापर्यंत. आणि त्यांच्या त्या पाटीलकीने माळावरच्या माणसांना जो ताप दिला, तो धरणानेही दिला नव्हता.

मी त्या दिवशी बंगल्यावर गेलो. तळ्याचा काठ कंपनीच्या मालकीचा. तिथल्या हेडक्लार्कने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "कुठल्या हक्काने मागता?" मी नागरिकशास्त्र शिकवतो. हक्क कशाला म्हणतात, तो कायद्याने मिळतो की रूढीने, हे मुलांना फळ्यावर लिहून देतो. तिकडे माळावर प्रेत ठेवलेले, उन्हे चढत चाललेली, आणि मी त्या टेबलापुढे उभा. शेवटी आतल्या साहेबांनी परवानगी दिली. मात्र एका अटीवर, की हा हक्क समजू नये, कंपनीची मेहेरबानी समजावी, आणि तसे लिहून द्यावे. मी लिहून दिले. दुसरे काय करणार? आबांना हे कळले असते तर ते बैलगाडीतून उठून बसले असते आणि मला म्हणाले असते, "चल माघारी. मेहेरबानीनं जळायचं न्हाई मला." दुपारी उघड्या पडलेल्या एका खाचरात चिता रचली. माझे वडील, ज्यांनी जन्मभर या माणसाच्या नावाने कपाळावर हात मारला, ते गाडीमागून सगळी वाट चालत आले होते. आगीकडे बघत ते एवढेच म्हणाले, "पोचला बाबा गावाला एकदाचा."

वडिलांचा वैताग मी लहानपणापासून पाहत आलो. दरवर्षी चैत्रात उंबरशेतच्या देवीची जत्रा. देऊळ पाण्यात, म्हणून माळावर एका दगडाला शेंदूर लावून ती भरायची. माळावर कोंबडी-बकरी कापणारी माणसे काय कमी होती? पण आबा स्वतः चालत कामशेतला यायचे आणि ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी दुकानाच्या पायरीवर बसायचे. "मुलाणी, उद्या जत्रा हाय." वडील गूळ तोलता तोलता म्हणायचे, "पाटील, आता दुकान हाय माजं. बाजारचा दिवस हाय. कुनाकडून बी कापून घ्या की." आबा शांतपणे सांगायचे, "दुकान तुजं हाय. सुरी गावची हाय."  वडील रागारागाने फळ्या लावायचे, दुसऱ्या दिवशी माळावर जायचे, बकरा कापायचे, आणि घरी येऊन आईला सांगायचे, "पुढल्या साली मेलो तरी जानार न्हाई." पुढल्या साली आबा पुन्हा पायरीवर.

त्याच सुरीच्या जोरावर मी बी. ए. झालो, हे मला इथे सांगितलेच पाहिजे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. मॅट्रिक झालो तेव्हा वडील म्हणाले, बस झाले, आता तागडी धर. हे आबांच्या कानावर गेले. ते माळावर घरोघर फिरले आणि प्रत्येकाला बजावले, की जत्रेला मुलाणी येतो, कापून देतो, मग सुगीला त्याचे बलुते कुठे आहे? माणसे म्हणाली, आबा, आमचीच शेते गेली, आम्ही दुसऱ्याच्या बांधावर राबतो. आबा म्हणाले, राबून जे तांदूळ मिळतात त्यातले मूठमूठ काढा. आणि ते तांदूळ पुण्याला माझ्या खोलीवर येऊ लागले. मी हाताने भात शिजवून खायचो आणि अभ्यास करायचो. दरवेळी पोते घेऊन यायचे आबा स्वतः. डोक्याला तांबडे पागोटे, खांद्यावर पोते, आणि जिन्यातून वर येताना सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशी हाक, "मुलाण्याचा हसन कुटं ऱ्हातोय हितं?" बरोबरीची मुले दारातून डोकावून हसायची. मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

एकदा ते असेच आले तेव्हा मी परीक्षेसाठी राज्याची व्याख्या पाठ करत होतो. पुस्तक इंग्रजी. आबांनी विचारले, "काय म्हनतंय त्ये?" मी सांगितले, राज्य व्हायला चार गोष्टी लागतात. माणसे लागतात, जमीन लागते, कारभार चालवणारे सरकार लागते, आणि वर कुणाचा हुकूम चालत नाही अशी सत्ता लागते. आबांनी बोटे दुमडत हिशेब केला. "मानसं हायेत. कारभाराला मी हाय. हुकूम तर मी बायकोचा सोडून कुनाचा ऐकत न्हाई. येक जमीन तेवडी न्हाई. चारातलं तीन… मंजी पास का नापास?" मी चिडून म्हणालो, "आबा, यात पास-नापास नसते. जमीन नाही तर राज्यच नाही. आणि उंबरशेत हे राज्य नव्हे, गाव होते. होते!" ते म्हणाले, "तुजा मास्तर लय कडक दिसतोय," आणि पोत्याचे तोंड सोडून तांदूळ डब्यात ओतू लागले.

बी. ए.चा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन माळावर गेलो. मनात बरेच काही बोलायचे ठरवून गेलो होतो, कारण आमच्या शाळेने आम्हाला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या, शुद्ध लिहिणे आणि केलेले स्मरणे. मी म्हणालो, "आबा, तुमचे उपकार…" त्यांनी मला पुढे बोलूच दिले नाही. "उपकार कसलं? बलुतं हाय तुज्या बाचं. बलुत्याचं आभार मानलं की त्याची भीक व्हती. ती पुडी तिकडं दे, पोरं खातील." मी पेढ्यांची पुडी हातात धरून तसाच उभा. ज्या माणसाचे सगळ्यात जास्त देणे लागतो तोच म्हणतो, देणे नाहीच! आज इतक्या वर्षांनी हा लेख लिहितानाही माझी तीच पंचाईत होते आहे. पण मला गप्प करायला आता ते नाहीत, म्हणून लिहितो. उपकार होते, आबा. तुमच्या भाषेत नसतील, माझ्या भाषेत होते.

आता ज्या गोष्टीने आम्हा सगळ्यांना छळले, ती सांगतो. माळावरची घरे पंचवीस वर्षे कुडाची होती. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली, वर गवत. कुणी दगडाचे जोते घातले नाही की कौल चढवले नाही, कारण जागा आपली नव्हती. दरवर्षी सुगी झाली की खालच्या गावचा पाटील वर यायचा आणि म्हणायचा, "औंदा ऱ्हावा. म्होरल्या साली बगू." पुढल्या साली बघू या एका वाक्यावर पिढी वाढली. बायका दर पावसाळ्यानंतर गळून पडलेल्या भिंती पुन्हा लिंपायच्या. यात सगळ्यात वैतागलेली बाई म्हणजे आबांची बायको, भागूमावशी. मूलबाळ नाही, हाताखाली कुणी नाही, आणि नवरा बुडालेल्या गावचा कारभार बघण्यात गुंतलेला. मी गेलो की ती मला ऐकवायची, म्हणजे आत बसलेल्या नवऱ्याला ऐकवायची, "हसन, तुज्या आबाला सांग, मला गुडग्याएवडं दगडाचं जोतं घालून द्या म्हनावं, मग काय ती पाटीलकी मिरवा."

यावर उपाय एकच होता. माळ सरकारने गायरानातून काढून खालच्या गावचे वाढीव गावठाण म्हणून जाहीर करायचा, म्हणजे माळ त्या गावात सामील. गावठाण म्हणजे गावची राहायची जागा. तिथल्या घराखालची जमीन मग घरवाल्याची, तिथून कुणी उठवू शकत नाही. मी पदवीधर झाल्यावर पहिले काम काही केले असेल तर या अर्जाचे. वडगावच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या की शिपाई मला बघितले की आपणहून बाक पुसू लागला. आबांनी अर्जावर सही केली ती जुन्या पाटलांच्या रीतीने, नांगराचे चित्र काढून. कारकून हसला, पण त्याने ठेवून घेतला. शेवटी एक दिवस खुद्द प्रांतसाहेब जागा बघायला माळावर येणार असा निरोप आला.

आदल्या दिवशी आम्ही आबांची तालीम घेतली. वडील मुद्दाम दुकान बंद करून आले होते. "पाटील, साहेब इचारील, 'खालच्या गावात सामील व्हायला समदी राजी हाय का?' तुमी काय म्हनायचं?" "व्हय म्हनायचं." "नुसतं व्हय?" "नुसतं व्हय." "फुडं काय न्हाई?" "अरं, व्हय म्हनलं न्हवं!" वडिलांचा विश्वास बसेना. त्यांनी आबांना देवीची आण घ्यायला लावली, आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मला तर काय खरं दिसत न्हाई."

साहेब आले. जांभळाखाली टेबल-खुर्ची मांडली होती. मामलेदार, तलाठी, खालच्या गावचे पाटील, सगळे हजर. साहेबांनी घरे पाहिली, नकाशा पाहिला, दोनचार म्हाताऱ्यांशी बोलले. भला माणूस होता. त्यांनी मोठ्याने विचारले, "तुम्ही सगळे राजी आहात?" आबा पुढे झाले. "व्हय साहेब." आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि आबा म्हणाले, "पर येक इचारू का?"

माझ्या वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब, उंबरशेतची जमीन कंपनीनं घेतली, सरकारनं द्याय लावली. ठीक हाय. तिचं पैसं दिलं. घरांचं दिलं, आंब्याच्या झाडाचं बी दिलं. पर माजी पाटीलकी घेतल्याली कुनी? राजीनामा मी दिला न्हाई. बडतर्फ मला केलं न्हाई. मंग खालच्या गावात सामील व्हतोय त्यो कोन? मी, का उंबरशेतचा पाटील?"

साहेब आधी हसले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मामलेदारांना विचारले, "या वतनाचा निकाल झालेला आहे का?" मामलेदारांनी तलाठ्याकडे पाहिले. तलाठ्याने, का कोण जाणे, माझ्याकडे पाहिले. पाटीलकी हे वतन. म्हणजे सरकारी काम तर आहेच, पण बापाकडून मुलाकडे जाणारी मिळकतही आहे. गाव बुडवताना त्या मिळकतीचे काय करायचे, हे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते. साहेबांनी कागद मिटले. एका गावावर दोन पाटलांचा दावा उद्या उभा राहायला नको. आधी वतनाचे ठरू द्या, मग गावठाणाचे बघू, असे म्हणून ते मोटारीकडे चालू लागले. म्हणजे पुन्हा 'बघू'. साहेबांना द्यायला भागूमावशीने नारळ आणून ठेवला होता. तो तिने उचलला आणि आबांच्या पुढ्यात दाणकन ठेवला. "घ्या. आता ह्याच्यावरच बांदा घर."

पुढची चार वर्षे ते प्रकरण जमिनीच्या टेबलावरून वतनाच्या टेबलावर आणि तिथून पुन्हा इकडे असे फिरत राहिले. कचेरीचे म्हणणे अगदी साधे होते. रावजी पाटलांनी लिहून द्यावे की उंबरशेतच्या पाटीलकीवर माझा काही हक्क नाही. दुसऱ्या दिवशी गावठाणाचा हुकूम काढतो. आबा लिहून देईनात. माळावरची माणसे आधी विनवण्या करून थकली, मग त्यांच्याशी बोलेनाशी झाली. गंमत अशी की बोलत नसली तरी भांडण झाले की त्यांच्याच दारात यायची. त्यांच्यावर चिडलेलीच दोन माणसे त्यांच्याकडून निवाडा घेऊन जायची. मी लोणावळ्याच्या शाळेत लागलो होतो. दर रविवारी गाडीने मळवलीला उतरायचो आणि त्यांच्याशी वाद घालायचो. मी सांगायचो, "आबा, पद ही मिळकत नव्हे. घर तुमचे, बैल तुमचा, पण पाटीलकी तुमची नव्हे. ती लोकांच्या कामासाठी दिलेली जबाबदारी आहे. काम संपले की पद संपले." ते विचारायचे, "दिल्याली कुनी?" "सरकारने." "सरकार येयाच्या आदी आमी कोन व्हतो मग?" मी सांगायचो, तो काळ गेला. ते म्हणायचे, "काळ गेला तर कायद्यात वतन का ठेवलंय?" आणि इथे माझी गाडी अडायची, कारण कायद्यात ते खरोखरच ठेवलेले होते. माझ्या पुस्तकात पद एका प्रकरणात होते आणि मालमत्ता दुसऱ्या प्रकरणात. दोन्ही एकाच माणसाच्या पागोट्याखाली असतात अशी सोय त्या विलायती लेखकाने केलेली नव्हती. मी आमच्या प्राध्यापकांना पत्र घालून विचारले. त्यांनी उलट टपाली कळवले की ही संक्रमणाची अवस्था आहे. आता माळावर पावसात भिजणाऱ्या बाईला संक्रमणाची अवस्था म्हणून काय सांगावे?

आमची शेवटची भेट शिमगा झाल्यावर झाली. आबा अंथरुणाला खिळले होते, पण आवाज तसाच. पडलेल्या भिंतीच्या खिंडारात मावशीने पोते लावले होते आणि ते वाऱ्याने फडफडत होते. ते बघून माझा तोल गेला. मी म्हणालो, "आबा, आज सरळ सांगा. इतक्या माणसांच्या घरांपेक्षा तुमची पाटीलकी मोठी आहे का?" असे विचारल्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही, कुणीतरी ते विचारायलाच हवे होते. त्यांना राग आला नाही. आढ्याकडे बघत ते म्हणाले, "खालच्या गावात आमी गेलो की कोन व्हनार? आल्याली मानसं. बाहिरची. त्यांच्या होळीला मागं हुबी ऱ्हानारी. उंबरशेतला पाटील हाय तवर ही मानसं कुटली तरी हायेत. लिहून दिलं की कुटलीच न्हाईत." मी म्हणालो, "आणि पाटीलच गेला की?" ते हसले. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. "मग द्या की लिहून. मेल्याला कोन इचारतंय? माज्या हातानं न्हाई व्हयाचं, येवडंच." एवढंच! चार पावसाळे माळावरच्या भिंती गळून पडल्या, आणि त्याचा निकाल एका 'येवडंच'मध्ये! मी उठलो आणि त्यांचा निरोप न घेता बाहेर आलो. दारात मावशी होती. ती म्हणाली, "मला लगीन झाल्यापास्नं असंच हाय. तू आत्ता बगतोयस."

तेव्हापासून मी विचार करतो आहे, की ते बरोबर होते की चूक. शिक्षक असल्यामुळे मला उत्तर देण्याची सवय आहे, पण इथे देता येत नाही. घरे पडत होती हे खरे, आणि ते म्हणत होते तेही खोटे नव्हते. मला राग याचा येतो, की दोन्ही खरे असताना पावसात भिजायची पाळी मात्र ज्यांनी काहीच म्हटले नव्हते त्यांच्यावर आली. आबांच्या जागी दुसरा कुणी असता तर सही करून मोकळा झाला असता आणि आज मी त्याच्यावर चार ओळीही लिहिल्या नसत्या. हेही मला आबांना सांगायला आवडले असते. त्यांनी त्यातून आपला विजय काढला असता, आणि मी पुन्हा चिडलो असतो.

आबांचा तेरावा झाला आणि मागच्या आठवड्यात मी भागूमावशीला घेऊन वडगावच्या कचेरीत गेलो. वारस ती एकटीच. मला भीती वाटत होती की ज्या बाईने जन्मभर पाटीलकीला शिव्या दिल्या, तिला ऐन वेळी नवऱ्याची आठवण येईल आणि ती मागे सरेल. तसे काही झाले नाही. कारकुनाने कागद वाचून दाखवला, तिने आंगठा पुढे केला, शाई लावून घेतली आणि दाबला. कारकुनाने पुन्हा बजावले, "बाई, नीट समजलात ना? उंबरशेतच्या पाटीलकीवर आता तुमचा कसलाही हक्क उरला नाही." ती म्हणाली, "समजलं. मोजनीला कवा येताय?" पाऊस लागायच्या आत मोजणी करू, असे त्याने कबूल केले. येताना गाडीत ती खिडकीशी बसून आंगठ्याची शाई पदराने पुसत होती. एवढी हलकी झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मीही हलका झालो होतो. वाटले, संपले एकदाचे.

माळावर पोचलो तर तिच्या दारात कोंडिबा आणि मारुती, दोघे शेजारी, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. आता जागा आपल्या होणार म्हटल्यावर कोंडिबाने उत्साहाच्या भरात जोत्याचे दगड मांडायला घेतले होते, आणि ते मारुतीच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आले होते. दोघेही एकदम बोलू लागले. मी मध्ये पडलो. त्यांना नीट समजावून सांगितले, की आजपासून हे काम इथले नाही. मोजणी व्हायची आहे, तलाठी आहे, खालच्या गावचे पाटील आहेत. जे काही असेल ते त्यांच्यापुढे मांडा. कोंडिबाने मान डोलावली. "व्हय मास्तर, बराबर हाय. तिकडं बी जाऊ की. आदी हितलं मिटू द्या."

मावशी उंबऱ्यातच थबकली. "आरं, आत्ता आंगठा देऊन आले मी. न्हाई म्हनून लिहून दिलं. शाई वाळली न्हाई अजून."

"त्यो सरकारला दिला न्हवं, मावशी?" मारुती म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिले. आबांशी चार वर्षे वाद घातला तो याच प्रश्नावर, आणि इथे तो मारुतीने चेष्टा न करता, अगदी सरळ विचारला होता. मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "गेला तरी सुटका न्हाई माजी," असे म्हणत ती उंबऱ्यावर टेकली, हातातले गाठोडे बाजूला ठेवले आणि म्हणाली, "पानी पिऊ द्या मला. मग येकायेकानं बोला. आनि हसन, तू कुटं निगालास? बस हितं. शिकल्यालं मानूस साक्षीला लागतंय."

मी म्हणालो, "मावशी, माझी गाडी आहे."

"असूंदे," ती म्हणाली.

मी बसलो. मळवलीहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीची शिट्टी झाली, तेव्हा कोंडिबाचे म्हणणे अजून अर्ध्यावरच होते.